शब्बाथ आमच्या घरी आला

डॉक्टरीणबाईंनी मला जे औषध सांगितलं ते कोल्हापुरातल्या कुठल्याच दुकानात विकत मिळत नव्हतं. छातीवरची नळी काढून त्यांनी गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "आराम. गोळ्या मी देतेच आहे, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. बाळंतपण होईपर्यंत अंथरूण सोडायचं नाही. पाण्याची घागर नाही, भाकरी नाही, सारवण नाही. काहीही नाही."

मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"घरी काम करणारं दुसरं कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"आई हाय," हे म्हणाले. "पर तिला दिसत न्हाय."

"मग तुम्ही करा."

हे हसले. बाई थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं असावं. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे नीट ऐका. आराम मिळाला तर तुम्ही दोघंही वाचाल. नाही मिळाला तर बाळाचं मी सांगू शकत नाही, तुमचंही नाही."

हे सगळं होऊन आता सोळा वर्षं झाली. कोयनेच्या भूकंपानंतरचा उन्हाळा होता तो. मी शिकलेली सातवीपर्यंत. आजाराचं शास्त्र डॉक्टरांना ठाऊक, त्यातलं मी काही सांगणार नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर काय होतं ते डॉक्टरांना ठाऊक नसतं, आणि ते मला चांगलं ठाऊक आहे. काळजाचं दुखणं आणि पोटात मूल असलेल्या बायका अजूनही गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

*

मी मूळची आजऱ्याकडची. आई लवकर गेली म्हणून वडिलांनी मला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथं असताना माझे गुडघे सुजायचे आणि ताप यायचा. आमच्या मेट्रनबाई 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल चोळायच्या. तोच ताप काळजाची झडप खाऊन गेला होता, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. झडप आकसली होती, रक्ताला पुढं जायला वाट नव्हती, ते मागं फुप्फुसात तुंबत होतं. मला एवढंच समजलं.

लग्न करून मी कोडोलीच्या पलीकडच्या एका लहानशा गावात आले होते. गावात ख्रिस्ती घरं दहा-बारा, बाकी सगळी शेतकरी हिंदू वस्ती. आमची थोडी जमीन होती. हे शेती करत आणि मंडळीत पंच होते, म्हणजे चर्चच्या कारभारात त्यांना मान होता. आठ वर्षांत मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. हे तिसरं. पाचवा महिना लागला आणि विहिरीवरून घागर आणताना मी वाटेत दोनदा बसायला लागले.

"पहिलटकरणीला व्हतंच की असं," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "मी धा भारं गवात डोस्क्यावरनं आणलंय आठव्या म्हैन्यात."

मग पाय सुजले. मग एक दिवस मला आडवं होताच येईना. पाठ टेकली की छातीवर जातं ठेवल्यागत व्हायचं आणि मी धडपडून उठून बसायची. उठून बसलं की हवा मिळायची, थोडी. थुंकी लालसर येऊ लागली तेव्हा ह्यांनी मला एसटीत घालून कोल्हापूरला आणलं. निकाल कानावर पडला तेव्हा मी एकच विचार केला. मी मेले तर हे दुसरी आणतील, पण हे मूल दुसऱ्या कुणाच्या पोटातून येणार नाही.

*

खरं सांगू? वॉर्डात मला बरं वाटलं.

पंधरवडाभर मला ठेवून घेतलं होतं. पहाटे बेडपॅन, मग चहा, मग कपाळाला हात लावून बघणारी नर्स, मग अंगातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन. जेवण अळणी, घशाखाली उतरायचं नाही. बायकांच्या कण्हण्यानं डोळा लागायचा नाही. तरीही त्या लोखंडी खाटेवर, पाठीशी तीन उशा लावून बसलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा रिकामी होते. माझ्या हातून कुणालाही काही नको होतं. आधी मला त्याची लाजच वाटायची. नर्स चादर बदलायला आली की मी दुसरं टोक धरायची, आणि ती माझ्या हातावर चापटी मारायची.

शेजारच्या खाटेवर लक्ष्मीपुरीकडची एक शिंप्याची बायको होती, मुसलमान, वयानं मोठी. सगळा वॉर्ड तिला भाभी म्हणायचा. पोटाच्या ऑपरेशनसाठी आली होती आणि बडबडी होती. माझ्या उशाशी शास्त्र, म्हणजे बायबल, बघून तिनं एकदा विचारलं, "तुमच्यात रविवारची सुट्टी का असती ओ?"

मी सांगितलं. बोर्डिंगात रोज सकाळी वाचून घ्यायचे, त्यामुळं जगाच्या उत्पत्तीचं पहिलं पान मला पाठ होतं. देवानं सहा दिवसांत एकेक घडवलं, सातव्या दिवशी तो थांबला, विसावला, आणि तो दिवस पवित्र ठरवला. त्याला शब्बाथ म्हणतात. खरा शब्बाथ शनिवारचा, पण आमच्याकडं रविवारलाच शब्बाथ म्हणायची सवय पडली आहे.

"आमच्यात म्हणत्यात, अल्लाला थकवा येत न्हाई," भाभी म्हणाली. "थकतं ते माणूस."

"आमच्यातही तसंच. देव दमला नव्हता. सगळं पुरं झालं होतं म्हणून थांबला."

"मग ती सुट्टी कुणासाठी म्हनायची?"

दुसरं काही कामच नव्हतं, म्हणून मी तेच पान डोक्यात उलगडत बसले. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. माणूस घडला सहाव्या दिवशी, सगळ्यांत शेवटी. म्हणजे त्याला उजाडलेला पहिला सबंध दिवस सातवा. त्यानं अजून एक काटकी उचलली नव्हती, एक वाफा खणला नव्हता, आणि त्याच्या पुढ्यात विसावा आला होता. आम्ही मात्र आयुष्यभर ऐकत आलो, सहा दिवस राब, मग बस. त्या पानावर माणूस आधी बसला होता आणि मग राबायला लागला होता.

मी भाभीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाई मानूस न्हाई वाटतं त्यात?" आणि टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली.

मी पोटावर हात ठेवला. आतलं बाळ काही कमवत नव्हतं, काही करत नव्हतं. त्याला वाढायला मी नुसतं पडून राहणं पुरेसं होतं. चार महिने एवढंच करायचं. मला वाटलं, जमेल. त्या वॉर्डात बसून मला खरंच तसं वाटलं होतं.

*

घरी आले ती जेठाच्या शेवटाला. ह्यांनी माजघरात खिडकीखाली खाट टाकली, पाठीशी टेकायला भुशाचं पोतं लावलं. पहिला आठवडा सगळे माझ्याभोवती दबक्या पावलांनी फिरले. हे पहाटे उठून पाणी भरायचे. आत्याबाई चाचपडत भाकरी थापायच्या, एक बाजू करपलेली आणि एक कच्ची.

मग एके दिवशी आत्याबाईंनी सूप आणि तांदूळ माझ्या मांडीवर आणून ठेवले. "मला खडं दिसत न्हाईत, पोरी. बसून व्हतंय की."

त्यानंतर घरातली जी जी कामं बसून होतात ती सगळी माझ्याकडं आली. बसून कामं किती होतात याची मला कल्पनाच नव्हती. लसूण सोलणं, मिरच्यांचे देठ काढणं, शेंगा फोडणं, गोधडीला टाके घालणं. मग चूल खिडकीशी का आणू नये, भाकऱ्याही बसूनच होतात, असं निघालं. आत्याबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या लेखी काम म्हणजे डोक्यावरचं ओझं आणि कमरेतलं वाकणं. मांडी घालून जे होतं त्याला त्या काम म्हणतच नव्हत्या. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "जरा सोस. तिचं तरी वय हाय का आता?"

मी सोसलं. माझा श्वास परत आखूड व्हायला लागला होता, पण ते मी कुणाला कितीदा सांगणार? रोज रोज सांगितलं की घरच्यांना ते ऐकू येईनासं होतं.

*

आमच्या घरात पोटभर विसावा कुणाला होता म्हणाल तर बैलाला.

गोष्ट अशी. आमचा एक बैल आणि शेजारच्या बंडूआण्णांचा एक बैल, अशी जोडी करून दोन्ही घरं शेती करायची. आमच्याकडं याला पैरा म्हणतात. आम्ही रविवारी बैल जुंपत नव्हतो. बंडूआण्णा सोमवारी जुंपत नव्हते, कारण सोमवारी गावाचा मोडा असायचा. मोडा म्हणजे त्या वारी कुणी औत धरायचं नाही. महादेवाचा वार, नंदीला विसावा. एक बैल थांबला की जोडी मोडली, म्हणून दुसराही थांबायचा. दोन धर्मांच्या दोन सुट्ट्या त्या मुक्या जनावरांच्या वाट्याला आल्या होत्या. खिडकीतून मला गोठा दिसायचा. दर आठवड्याला सलग दोन दिवस ते रवंथ करत बसलेले असायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, हसू नका.

शास्त्रात शब्बाथाची आज्ञा आहे तिथं कुणाकुणाला काम लावायचं नाही ते नावानिशी सांगितलं आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरंढोरं, इतकंच काय दारात आलेला परका. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बायको त्यात नव्हती. बैल होता.

सोमवार मात्र मला धार्जिणा होता. बंडूआण्णांची बायको पारूआक्का मोड्याला मोकळी असायची, आणि ती सकाळीच आमच्या दारात येऊन हाक द्यायची. "काय गं, हाईस का जित्ती?"

"आहे की."

"मग पड गुमान. मी बघतो सगळं." आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात. ती पाणी भरायची, शेण काढायची, घर सारवायची, आणि आत्याबाईंच्या मांडीवर सूप ठेवून म्हणायची, "म्हातारे, बोटानं चाचपून काढ खडं. बसून व्हतंय की." आत्याबाई पुटपुटायच्या, पण काढायच्या. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पायांची सूज उतरलेली दिसायची. आठवड्यातून असे चार दिवस मिळाले असते तर पुरलं असतं.

*

आजाऱ्याला बघायला जाणं हे आमच्याकडं पुण्याचं काम आहे, आणि आजाऱ्याच्या घरी चहा न घेता उठणं हा अपमान. नेसरीचे, आजऱ्याचे, कुठले कुठले पाहुणे आले. मला बघून डोळे पुसायचे, "काय गं अवस्था झाली" म्हणायचे, आणि मी उठून चूल पेटवायची. ह्यांनी पेटवली असती तर पाहुण्यांनाच ओशाळं वाटलं असतं. बाई घरात असताना पुरुषानं चहा केला, म्हणजे ही खरीच मरायला टेकली, असं ते समजले असते.

श्रावणात, आठव्या महिन्यात, चर्चचे पाळकसाहेब आले. आमचे पाळक मायाळू होते. माझे हाल बघून त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते ह्यांना म्हणाले, "बाईंना दोन महिने उपासनेला येता आलं नाही. शब्बाथावाचून जीव कोमेजतो. त्यांना चर्चपर्यंत चालवणं शक्य नाही, तर येत्या रविवारी सगळी मंडळीच इथं आणू. शब्बाथच त्यांच्या घरी येईल."

ह्यांचे डोळे भरून आले. आमच्या घरी उपासना व्हायची म्हणजे केवढा मान! "लई उपकार झालं, साहेब," हे म्हणाले.

मी पोत्याला टेकून ऐकत होते. मला ओरडून सांगायचं होतं की आणू नका. पण पाळकसाहेबांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि ते प्रार्थना करत होते. प्रार्थनेत मधे कोण बोलतं?

शनिवारी मी ह्यांना म्हटलं, "तीस-चाळीस माणसं येतील. कोण करणार?"

"पारूआक्का हाय की."

"उद्या रविवार आहे. तिची शेतात भांगलण चालू आहे. तिचा वार सोमवारचा."

हे म्हणाले, "नुसता च्याच तर करायचा हाय."

*

रविवारी मी अंधारातच उठले. माजघर आणि पुढचा सोपा सारवायचा होता. आत्याबाईंना कुठं ओलं आणि कुठं कोरडं ते कळायचं नाही. मी बसून सारवलं, एक हात टेकून, थांबत थांबत. हे चर्चमधून सतरंज्या आणि शेजारून मोठं पातेलं घेऊन आले. त्यांनी अंगण झाडलं, पाणी भरलं. त्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही.

मंडळी आली. नवी लुगडी, धुतलेले सदरे, हातात गीतांची पुस्तकं. मला बघून बायका म्हणाल्या, "उठू नकोस बाई, उठू नकोस." आणि सतरंजीवर बसल्या. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही आतच बसून ऐका." मी आत बसले, चुलीपाशी. लाकडं ओलसर होती आणि फुंकणीनं फुंकायला माझ्या छातीत वारा नव्हता.

उपदेशाचा विषय त्यांनी खास माझ्यासाठी निवडला होता. देवाचा सातवा दिवस. फार सुंदर बोलले. देवानं सगळं पाहिलं, ते चांगलं होतं, आणि मग तो थांबला. थांबणं हेसुद्धा देवाचं काम आहे. जो थांबायला शिकतो तो देवासारखा होतो. मी फुंकत होते आणि ऐकत होते. देव विसावला तेव्हा त्याच्यासाठी चहा कुणाला करावा लागला नाही, असं माझ्या मनात आलं, आणि धुरानं की कशानं कोण जाणे, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा हे आत डोकावले. मी चुलीसमोर दोन्ही हात जमिनीला टेकून बसले होते, तोंड उघडं टाकून. ह्यांनी मला बघितलं. बघितलं हे नक्की.

"झाला का च्या?" हे म्हणाले.

चहा झाला होता. सगळ्यांनी घेतला. प्रत्येकानं आत येऊन माझ्या डोक्याला हात लावला. "आता बरी होशील बघ," म्हणाले, आणि समाधानानं गेले. मी कपबशा विसळल्या, कारण त्या मागून आणलेल्या होत्या आणि परत द्यायच्या होत्या.

दुपार कलली तशी मला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. श्वास आत जातच नव्हता. ह्यांनी बांधावरून बंडूआण्णांना हाक मारली. रविवार असून ह्यांनी बैल जुंपले, पहिल्यांदाच. बंडूआण्णांनी गाडी हाकली, पारूआक्का हात चिखलाचे तसेच घेऊन मला मागून धरून बसली. रस्त्याला लागल्यावर एक ट्रक मिळाला. पारूआक्का सबंध वाटेत मला शिव्या देत होती. "मरू नगस, रांडं. मेलीस तर बघ." त्या शिव्या कानावर पडत होत्या म्हणून मी जिवंत आहे हे मला कळत होतं.

*

सोमवारी मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, ओंजळीएवढी. कापसात गुंडाळून ठेवली होती. नर्स माझं दूध काढून तिला थेंबथेंब पाजायची. मला नाकात नळी होती, उठायची बंदी होती. या खेपेला कुणी मला उठवलं नाही. नर्स तिला आणून माझ्या दंडाशी ठेवायची आणि मी तिची छाती वरखाली होताना बघायची. डॉक्टरीणबाई रोज दोनदा येऊन बघून जायच्या.

हे वॉर्डाबाहेर बाकावर बसून असायचे. आत आले की खाटेच्या पायाशी उभे राहायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एकदा त्यांनी विचारलं, "च्या आणू?" मी तोंड फिरवलं. त्यांना आठवतही नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

ती रविवारी सकाळी गेली. सातवा दिवस होता. रडली नाही, धडपडली नाही. श्वास घ्यायची थांबली.

ह्यांनी तिला गावी नेलं. मला जाता आलं नाही. दोन दिवसांनी पाळकसाहेब भेटायला आले. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि फार हळुवार आवाजात म्हणाले, "बाई, धीर धरा. तुमचं बाळ सातव्या दिवशी प्रभूच्या विसाव्यात गेलं. शब्बाथाच्या दिवशी. यात काही अर्थ आहे."

मी आयुष्यात मोठ्या माणसाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "साहेब, देवानं सगळं पुरं केलं, ते चांगलं आहे असं बघितलं, आणि मग विसावा घेतला. माझ्या पोरीचं काय पुरं झालं होतं?"

त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानते. त्यांनी प्रार्थना केली आणि ते गेले. त्यांच्या ध्यानात कधीच आलं नाही की तो रविवार त्यांनीच आणला होता. मीही सांगितलं नाही. माणूस चांगला होता.

मंडळीतल्या एक-दोघी पुढं म्हणाल्या की रविवारी बैल जुंपले म्हणून असं झालं. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या की बंडूआण्णांनी रात्री रस्त्याकडेला थांबून गाडी सोमवारी परत आणली, मोडा पाळला नाही म्हणून झालं. चहाचं कुणीच काही बोललं नाही.

*

घरी आले तर माजघर सारवलेलं होतं, वेडंवाकडं, मधेच जाड थर आणि मधेच उघडी जमीन. आत्याबाईंनी चाचपडत सारवलं होतं. मला बघून म्हणाल्या, "जमलं का गं जरा?" मी जमलं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून खूप रडले. हेच श्रावणात जमलं असतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मिरजेला माझं ऑपरेशन झालं, झडप मोकळी केली. आता मी आडवी झोपू शकते, एवढं सुख माझ्या शरीराला आहे. मूल परत राहू दिलं नाही. आत्याबाई गेल्या. हे आता चहा करतात, पाहुण्यांसमोरसुद्धा, आणि चांगला करतात. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. ते कप माझ्या हातात देतात आणि मी घेते.

माझ्यासारखीच्या घरच्यांना मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. आराम म्हणजे बसून करायची कामं नव्हेत. तिला बघायला येऊ नका. यायचंच असेल तर घागर घेऊन या, आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर आपापल्या घरी करा, देवाला तिथूनही ऐकू येतं. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एका पोरीला असाच आराम सांगितला होता. मी उपासनेनंतर उभी राहून हे सगळं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या, काहींनी डोळे पुसले. पुढच्या रविवारी ते गीतांची पुस्तकं घेऊन तिच्या घरी गेले.

मी शास्त्र अजून वाचते. अलीकडंच ते पहिलं पान परत काढलं होतं. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक दिवसाच्या शेवटी लिहिलं आहे की संध्याकाळ झाली, सकाळ झाली. सातव्या दिवसाला ते लिहिलेलंच नाही. नव्या पाळकांना विचारलं तर ते खूश झाले. म्हणाले, "तेच तर, बाई! त्या दिवसाला संध्याकाळ नाही. तो विसावा संपतच नाही, देवाचा सातवा दिवस अजून चालू आहे." त्यांचा चेहरा उजळला होता, तरुण आहेत. मी मान हलवली आणि घरी आले.

ती गेली त्या सकाळी वॉर्डात ऊन आलं होतं. नर्सनं तिला माझ्या दंडाजवळून उचललं. त्यानंतर संध्याकाळ झालीच असणार, दिवे लागले असणार, कुणी जेवायलाही आणलं असेल. मला त्यातलं काही आठवत नाही. सोळा वर्षं मी तो दिवस मावळायची वाट बघते आहे.